मुळातमास्तर

मास्तरांना कुणी शिवी दिली तर ते आधी तिचं मूळ विचारायचे. एकदा बाजाराच्या दिवशी एका गाडीवानाचा बैल त्यांच्या छत्रीला बुजला, आणि गाडीवानानं भर रस्त्यात त्यांना काहीतरी कचकचीत हासडलं. मास्तर थांबले. गाडीच्या जुवावर हात ठेवून अगदी गोडीनं म्हणाले, "बाबा, हा शब्द तुमच्या गावाकडचा का? मुळात त्याचा अर्थ काय, ठाऊक हाय का तुमाला?" गाडीवान इतका ओशाळला, की त्यानं मास्तरांना गाडीत बसवून शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. वाटेत मास्तरांनी त्याला त्या शिवीचा सगळा अर्थ फोडून सांगितला. उतरताना गाडीवान हात जोडून म्हणाला, "मास्तर, आता ही शिवी बैलाला बी देववायची न्हाई मला."

"मुळात" हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा असायचा. त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव मुळातमास्तर पाडलं होतं आणि गावानंही तेच उचललं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावानं हाक मारली तर त्यांनाच पटकन ओळखू यायची नाही.

हे निजामाच्या राज्यातलं. गावाचं नाव सांगत नाही. बोरी आणि जिंतूर यांच्या दरम्यान कुठंतरी आहे असं समजा. तिथं सरकारी शाळा होती. मी चारठाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. कसाबसा शिकून त्या शाळेत गणिताचा शिक्षक झालो होतो. शिकवायचं सगळं उर्दूतून. पोरं घरी मराठी बोलणार, वर्गात उर्दूतून भागाकार करणार आणि वरच्या वर्गात गेली की मुळातमास्तरांच्या हाती इंग्रजीसाठी सापडणार.

मास्तर उंच, सडसडीत, थोडे पुढं वाकलेले. बायको फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. अंगात काळा कोट, त्याची मधली दोन बटणं कायमची गेलेली, ती लावून घ्या म्हटलं की म्हणायचे, "हवा लागती." त्यांचा एकच संसार होता, तो म्हणजे एक जाडजूड इंग्रजी कोश. हैद्राबादेत रद्दीवाल्याकडून घेतलेला. त्याची सुरुवातीची पानं कसरीनं खाल्लेली, त्यामुळे पहिल्या अक्षराचे सगळे शब्द गायब. मास्तर प्रामाणिक इतके, की त्या अक्षराच्या शब्दाबद्दल कुणी विचारलं तर सरळ सांगत, "तेवढ्या मुलखात आपण गेलेलो न्हाई." त्यांचं इंग्रजी दुसऱ्या अक्षरापासून सुरू व्हायचं.

शिक्षक म्हणून ते चांगले होते का? खरं सांगायचं तर अभ्यासक्रम त्यांनी कधीच पुरा केला नाही. एकदा एका पोरानं शब्दाचं स्पेलिंग चुकवलं, तर ती चूक इंग्रजांच्या पणजोबांच्या काळात बरोबर होती म्हणून मास्तरांनी त्याला पूर्ण मार्क दिले. वर पोराच्या बापाला बोलावून अभिनंदन केलं. बाप बिचारा घाबरून आला होता, पोरानं काय चोरलं म्हणून.

आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, त्यांना आम्ही सदरसाहेब म्हणायचो. ते शहरातले, सभ्य आणि भित्रे. ते अधूनमधून वर्गाच्या दारात येऊन विचारायचे, "मास्टरसाहब, किताब कब ख़त्म होगी?"

मास्तर उठून उभे राहायचे. "हुज़ूर, किताब तो ख़त्म हो जाएगी. लफ़्ज़ ख़त्म नहीं हो रहा."

तो न संपणारा शब्द त्या वर्षी होता 'बॅन'.

धड्यात एक साधं वाक्य होतं, कुठल्याशा राजानं काहीतरी बॅन केल्याचं. दुसरा कुणी असता तर "बॅन म्हणजे मनाई, पुढं चला" म्हणाला असता. मास्तर पुढं गेलेच नाहीत. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून, मध्ये नुसता कुडाचा आडोसा. त्यामुळे त्या वर्षी माझ्या पोरांनी त्रैराशिकाबरोबर 'बॅन'ही शिकून घेतला.

"मुळात बॅन म्हणजे मनाई न्हाईच," मास्तर सांगत होते. "मुळात बॅन म्हणजे मोठ्यानं सांगणं. राजानं लोकांना लढाईला बोलावलं, तो बॅन. त्यांच्या चर्चमध्ये अमक्याचं लग्न तमकीशी ठरलंय, कुणाची हरकत असंल तर बोला, असं पुकारतात, तो बी बॅन. मग झालं काय, की राजेलोक जे पुकारायचे त्यात 'हे करू नका, ते करू नका' हेच जास्ती निघायला लागलं. शेवटी सांगणं मागं पडलं आणि 'नका' तेवढं उरलं. ज्याच्या नावानं पुकारा झाला की हा आता आपला न्हाई, तो झाला बँडिट. कळलं का?"

 मग मास्तरांचा आवाज खाली आला. एखादी घरातली गोष्ट सांगावी तसा.

"आता खरी गंमत ऐका. आपल्या संस्कृतात एक धातू हाय, भण्. म्हणजे बोलणं. त्याचं प्राकृतात झालं भणइ. आणि त्या 'भ'चा 'म्ह' होऊन मराठीत काय झालं?"

कुणीतरी चाचरत म्हणालं, "म्हण... म्हणणं?"

मास्तरांनी टेबलावर असा हात आपटला की माझ्या वर्गातली पोरं दचकली. "शाबास! ही इंग्रजांची बॅन आणि आपली 'म्हण' एका आईच्या पोटच्या. एक तिकडं सासरी गेली आणि 'बोलू नका' म्हणायला लागली. दुसरी इथंच ऱ्हायली, ती अजून 'म्हण, म्हण' म्हणायलीय."

मला आजही वाटतं, एवढं सुंदर मी कुठल्या शाळेत ऐकलं नाही.

मास्तरांचे खरे जोडीदार म्हणजे फारसी शिकवणारे मौलवीसाहेब. मधल्या सुट्टीत दोघं लिंबाखाली बसायचे आणि शब्दांवरून भांडायचे. मौलवीसाहेब एकदा दाढी कुरवाळत म्हणाले, "क्या मास्टरसाब, तुमारी मराठी में तो मना करने कू अपना लफ़्ज़ बी नै. मनाई हमारे अरबी की. शरम की बात है."

"निषेध आहे की," मी म्हणालो.

"तो पोथीतला," मास्तरांनी मलाच झिडकारलं. "तोंडातला सांग." मग ते मौलवीसाहेबांकडं वळून ऐटीत म्हणाले, "मौलवीसाब, मराठी माणसाला मनाई करायची गरजच पडत नव्हती. म्हणून शब्द न्हाई."

मौलवीसाहेब पोट धरून हसले. मास्तर त्या उत्तरावर बरेच दिवस खूष होते.

त्या हिवाळ्यात वरचे साहेब शाळा तपासायला येणार अशी बातमी आली आणि सदरसाहेबांची झोप उडाली. कुठल्याशा शाळेत पोरांना उर्दू नीट बोलता येत नाही म्हणून तिथल्या हेडमास्तरला फार बोलणं खावं लागलं होतं म्हणे. सदरसाहेबांनी घाईघाईनं एक कागद लिहून भिंतीवर डकवला: शाळेच्या आवारात फक्त उर्दू बोलावी, मराठी बोलण्यास सक्त मनाई. वरून असा हुकूम आलेला नव्हता. तो त्यांच्या भीतीतून निघाला होता.

पोरं उन्हात उभी राहायला लागली. पहिलीतल्या एका लेकराला "बाहेर जाऊ का" हे उर्दूत म्हणता येईना. मराठीत म्हणायची भीती. ते तसंच बसून राहिलं आणि शेवटी जागेवरच ओलं झालं. मास्तर तिकडून चालले होते. त्यांनी आपला कोट काढून त्या लेकराला गुंडाळलं, कडेवर घेऊन घरी पोचवलं आणि परत येऊन तडक सदरसाहेबांच्या खोलीत गेले. मला वाटलं, आता भडका उडणार. मीही मागोमाग गेलो.

मास्तर अगदी नम्रपणे म्हणाले, "हुज़ूर, आपका हुक्म बजा है. लेकिन लोगों तक पहुँचा नहीं. माँ-बाप कहते हैं, हमें मालूम ही नहीं. दवंडी दी जाए."

सदरसाहेबांना ते पटलं. "हाँ हाँ, मुनादी करा दीजिए."

गावचा येसकर सटवाजी. वेशीची राखण आणि गावची दवंडी हे त्याचं काम. महारवाड्यातला उतारवयाचा माणूस, आवाज असा की या वेशीवर ओरडला तर त्या वेशीवर कुत्री भुंकावीत. मास्तर त्याला "सटवाजीराव" म्हणायचे, आणि त्यावरूनही गावात लोक तोंड वाकडं करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरताना सटवाजी डफडं घेऊन फाटकाबाहेर उभा राहिला.

"आत या," मास्तर म्हणाले. "मनाई आवाराच्या आतली हाय. पुकारा बी आतच झाला पायजे."

सटवाजीनं सदरसाहेबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. तो बिचकत आत आला आणि आडाजवळच्या फरशीवर उभा राहिला. ओळीत पोरं, समोर आम्ही शिक्षक, मध्ये सदरसाहेब शेरवानीची बटणं लावून. सटवाजीनं डफड्यावर थाप मारली आणि आभाळाकडं तोंड केलं:

"ऐका होऽऽ ऐका! शाळंच्या हद्दीत कुनीबी मराठी बोलू न्हाई होऽऽ! लेकरानं बोलू न्हाई, मास्तरानं बोलू न्हाई, बोललं तर शिक्षा व्हईल होऽऽ! हुकूम सदरसायबाचा हाय होऽऽ!"

 मग कुठंतरी मागच्या ओळीत एक पोरगं फिस्सकन हसलं. मौलवीसाहेबांनी रुमाल तोंडात कोंबला, पण त्यांचे खांदे गदगदायला लागले. मग सगळ्या ओळीच फुटल्या. सटवाजीला कळेना आपलं काय चुकलं. तो घाबरून आणखी मोठ्यानं ओरडला, "मराठी बोलू न्हाई होऽऽ!" आणि पोरं अक्षरशः जमिनीवर लोळली.

सदरसाहेब तांबडे झाले. मास्तरांजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "ये उर्दू में क्यों नहीं पुकारता?"

"हुज़ूर, उर्दूत पुकारलं तर ज्यांना मनाई करायची त्यांना समजणार न्हाई. आणि मराठीत पुकारलं तर..." मास्तरांनी हात पसरले.

 सदरसाहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते आत गेले. कागद भिंतीवर तसाच राहिला, पण त्या दिवसापासून कुणी पोर उन्हात उभं राहिलं नाही. साहेब तपासणीला आलेच नाहीत, हे आणखी वेगळं.

पोरं वर्गात गेली. मास्तर त्या दिवशी एखाद्या लग्नातल्या वरबापासारखे मिरवत होते. सटवाजीला म्हणाले, "काय आवाज हाय तुमचा! घसा सुकला असंल. पाणी घ्या."

सटवाजी फरशीवरून खाली उतरून लांब जाऊन बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. आमचा चपराशी पोहरा हातात घेऊन नुसताच उभा. शेवटी मास्तरांनीच तो घेतला आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतायला लागले. ओततानाच त्यांच्या मनात काहीतरी आलं असावं.

"सटवाजीराव, गावातल्या समद्या मनाया तुमीच पुकारता. या आडाला तुमी शिवायचं न्हाई, ही मनाई कुनी पुकारली? तुमच्या वडलांनी?"

सटवाजीनं ओंजळ झटकली, तोंड पुसलं. "त्याची दवंडी न्हाई झाली, मास्तर. बापानं बी दिली न्हाई अन् आज्यानं बी न्हाई."

"मग तुमाला कळलं कसं?"

"कळतंय की." त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "आईच्या पोटातूनच कळून येतंय ते. ते काय सांगावं लागतंय व्हय?"

मास्तरांच्या हातात पोहरा तसाच राहिला. पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं. त्या दिवशी ते लिंबाखाली आले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर भिंतीला टेकून बसलेले. म्हणाले, "मौलवीसाहेबांना मी केवढ्या ऐटीत सांगितलं रे, मराठी माणसाला मनाई करायची गरजच पडत नव्हती म्हणून. गरज पडत नव्हती हे खरंच. शब्द उच्चारायची सुद्धा गरज पडली न्हाई आपल्याला."

नंतर बरेच दिवस ते शिकवायचे, पण कुठल्याही शब्दावर थांबायचे नाहीत. धडे भराभर पुढं जायला लागले. सदरसाहेबांना काळजी वाटायला लागली.

उन्हाळा आला आणि गावातल्या विहिरी तळाला गेल्या. शाळेच्या आडाला मात्र पाणी होतं, आणि गोड. गावातल्या बायका तिथं यायला लागल्या. सटवाजीची सून गिरजा, अंगानं किडकिडीत, ती लांब घागर ठेवून बसायची. कुणाला दया आली तर एखादी बाई वरून पाणी ओतायची. नाही आली तर दुपार व्हायची.

एके दिवशी मास्तर पाटलाच्या ओसरीवर गेले. बरोबर मी होतो. गावातले चार शहाणे पान खात बसले होते.

"पाटील, एक दवंडी द्यायचीय," मास्तर म्हणाले. "महारवाड्यानं शाळेच्या आडाला शिवू नये, अशी. सदरसाहेबांच्या मनाईची दवंडी झाली, तशी हिची बी व्हायला पायजे. नुसतं एवढं सांगा, हुकूम कुणाचा म्हणून पुकारू?"

पाटील हसले. "मास्तर, ते पुकारायला कशाला पायजे? चालत आलेलं हाय."

"चालत आलेल्याचं नाव काय?"

"गावाचा हुकूम म्हना की."

"गाव ओरडल्यावर लोक विचारतील, गावात कोण? तुमचं नाव घालू?"

पाटलांनी पान थुंकायला मान वळवली, ती लवकर परत वळवलीच नाही. आड सरकारी होता. सरकारी आडावर आपल्या नावानं मनाई पुकारणं म्हणजे उद्या तहसीलला जाब देणं. पण मला वाटतं, नुसती तेवढीच गोष्ट नव्हती. मास्तर एकेकाकडं वळून विचारत होते, "तुमचं घालू? तुमचं?" आणि ती माणसं, जी आयुष्यभर तेच पाळत आली होती, ती आपलं नाव त्याला लावून द्यायला तयार नव्हती. एकजण उठून आत गेला. एकानं जोडे शोधायला सुरुवात केली.

"उद्या सकाळपर्यंत थांबतो," मास्तर म्हणाले. "कुणाचं नाव न्हाई आलं तर मनाई न्हाई असं धरतो."

सकाळपर्यंत एकही नाव आलं नाही, तसे मास्तर महारवाड्यात गेले. सटवाजी दारात बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमी भल्याचे हाव. पर तुमी बदलून जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

 शब्दांचा एवढा मोठा माणूस, पण तिथं खाली मान घालून उभा राहिला. म्हणाले, "खरं हाय तुमचं. मी जातो." आणि खरंच वळले.

तेवढ्यात आतून गिरजा बाहेर आली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. "मामाजी, घागर द्या हिकडं," ती सासऱ्याला म्हणाली. "दुपारपस्तोर वाट बघून माज्या डोळ्याचं पानी सरलंय."

सटवाजीनं तिच्याकडं बघितलं, घागर उचलली आणि स्वतः तिच्यामागं चालायला लागला.

आडावर पाच-सात बायका होत्या. गिरजा आली तशा त्या बाजूला झाल्या.  पोहरा पहिल्यांदा कडेला आपटून रिकामाच वर आला. मास्तर पुढं झाले नाहीत. मला वाटलं, यांनी मदत करावी. पण ते हात मागं बांधून उभे राहिले, ओठ घट्ट मिटून. दुसऱ्यांदा पोहरा भरून आला. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि सासऱ्याच्या पुढं चालत निघून गेली. कुणी हात उचलला नाही, कुणी दगड मारला नाही. बायकांनी आपल्या रिकाम्या घागरी उचलल्या आणि त्याही निघून गेल्या.

मग सुरू झालं. मास्तर जिथं जेवायचे, तिथल्या बाई म्हणाल्या, "आज सैपाक कमी पडला बघा." दुसऱ्या दिवशीही कमी पडला, तिसऱ्या दिवशीही. न्हाव्याला सवड होईना. परटाकडं कपडे हरवायला लागले. घरमालकाला अचानक खोलीचा पत्रा बदलायचा झाला. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. मास्तरांची दाढी वाढली आणि ते मला म्हणाले, "बघ, आता मला बी पोटातून कळायला लागलं."

ते आमच्याकडं राहायला आले. आमची मंडळी, म्हणजे बायको, चारठाण्याचीच, शाळेत कधी गेलेली नव्हती. मी भीतभीत विचारलं, गाव आपल्याला बी वाळीत टाकंल, चालंल का? तर पिठाचे हात झटकून म्हणाली, "गाव काय भाकरी थापू लागतंय का मला? भाऊजींना म्हनावं, पाट घ्या." मौलवीसाहेब आपला न्हावी घेऊन आले आणि स्वतः समोर बसून मास्तरांची दाढी करून घेतली. वस्तरा चालू असतानाही दोघांचा कुठल्याशा शब्दावरून वाद चालू होता. मास्तर पुन्हा शब्दांवर थांबायला लागलेले बघून मला फार बरं वाटलं.

आडावर तो सगळा उन्हाळा फक्त महारवाड्यातल्या बाया आणि आमची मंडळी, एवढ्याच आल्या. गावातल्या बायका ओढ्यात झिरे खोदून गढूळ पाणी नेत होत्या, पण आडाकडं फिरकल्या नाहीत.

तक्रारी वर गेल्या. मास्तरांची बदली झाली, चुडाव्याकडं एका खेड्यात, एकशिक्षकी शाळेवर. तिथं इंग्रजी नव्हतंच, नुसती बाराखडी. सदरसाहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मैं रोक न सका, मास्टरसाहब." मास्तर त्यांचीच समजूत घालून आले. सटवाजीनं म्हटलं तेच झालं, आणि जाताना मास्तर सटवाजीच्या दारात जाऊन तसं कबूलही करून आले.

पुढचे दिवस वाईट होते. रझाकारांची धामधूम, लोक गावं सोडून जात होते, शाळा कधी भरायची, कधी नाही. मास्तरांची खुशाली कळायची नाही. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात विहिरी पुन्हा तळाला गेल्या.

एक दिवस दुपारी आमची मंडळी रिकामी घागर तशीच घेऊन धावत घरी आली. आडावर काय झालं ते तिनं मला सांगितलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी परभणीला जाऊन चुडाव्याची गाडी धरली.

मास्तर खूप वाळले होते. शाळेच्या पडवीत खाट टाकून राहायचे. पोरांना सुट्टी देऊन त्यांनी मला समोर बसवलं. "बोल. मुळापासून सांग."

मी सांगितलं. आदल्या दिवशी गिरजा आडावर पाणी शेंदत होती. तेवढ्यात पाटलाची म्हातारी आत्या घागर घेऊन आली. ओढ्याचे झिरे आटले होते, सुना आजारी होत्या, तिला स्वतःला यावं लागलं. सोवळ्याओवळ्याची फार कडक बाई. तिला बघून गिरजा मागं सरायला लागली. आमची मंडळी तिथंच होती, तिला वाटलं आता तमाशा होणार. म्हातारी अनवाणी. फरशी तापलेली. ती एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होती. आणि ती एकदम खेकसली, "आवर की लौकर, पाय भाजायलेत माजे." गिरजानं भराभर शेंदलं. म्हातारीनं तोच दोर, तोच पोहरा घेतला, पाणी भरलं आणि निघून गेली. आज सकाळी मी निघालो तेव्हा आडावर दोन्हीकडच्या बायकांची गर्दी होती.

मला वाटलं, मास्तर उडी मारतील. ते पुढं वाकले. "थांब. ती काय म्हणली? नेमकं सांग."

"आवर की लौकर."

"एवढंच? तिला हाक कशी मारली? जातीवरून मारली का 'ए' म्हणली?"

मी आठवून बघितलं. आमच्या मंडळीनं म्हातारीची नक्कल करून सांगितलं होतं, तो सूर कानात होता. "न्हाई. 'आवर की गं' म्हणली."

"'गं' म्हणली?"

"हो. 'आवर की गं लौकर.'"

मास्तरांनी चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीनं कितीतरी वेळ पुसत राहिले.

"'गं' म्हणली ना," ते म्हणाले. "मग झालं."